क्लायंट उपाय सांगतो, मला अडचण विचारावी लागते

नोकरीत होते तेव्हा माझ्या आणि क्लायंटच्या मध्ये एक माणूस असायचा. क्लायंटचे फोन तो घ्यायचा, त्यांची नाराजी तो ऐकून घ्यायचा, आणि माझ्या टेबलापर्यंत पोचायची ती नीट टाइप केलेली यादी: काय बदलायचं आणि कधीपर्यंत. स्वतःचा ग्राफिक डिझाइनचा व्यवसाय सुरू केला आणि त्या माणसाचं सगळं काम माझ्याकडे आलं. प्रत्यक्ष डिझाइनला दिवसातला थोडाच वेळ मिळतो. बाकी सगळा फोन, कोटेशन, बैठका, छापखाना, बिलं आणि बिलांचा पाठपुरावा यांत जातो. या सगळ्यात एक गोष्ट नीट जमली की पुढची बरीच कटकट टळते. क्लायंट जे मागतोय ते त्याला कशासाठी हवंय, हे आधी विचारून घ्यायचं.

क्लायंट बहुतेक वेळा उपाय घेऊनच येतो. लोगो मोठा करा, लाल रंग टाका, जरा मॉडर्न दिसू दे. यात त्याची काही चूक नाही. काहीतरी खटकतंय एवढं त्याला पक्कं ठाऊक असतं, पण काय खटकतंय ते सांगायला शब्द नसतात, म्हणून तो सुचेल तो उपाय सांगतो. आपण लगेच तो उपाय केला, तर मूळ अडचण तशीच राहते आणि दोन दिवसांनी नवा उपाय येतो. करेक्शनच्या फेऱ्या संपत नाहीत त्या बहुतेक याच कारणाने.

एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण माझी कामाची पद्धत त्यात पुरती बसली. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीला नवा कॅटलॉग हवा होता. फोन आला तो धाकट्या भागीदारांचा. म्हणाले, "मॅडम, जुना फारच जुनाट दिसतो, आता एकदम मॉडर्न लुक पाहिजे." मी विचारलं, शेवटचा होकार कुणाचा? ते जरा थांबून म्हणाले, "तसं सगळं मीच बघतो, पण दादांना एकदा दाखवावं लागेल." मग मी म्हटलं, पहिल्या बैठकीला दादाही, म्हणजे थोरले भागीदारही हवेत, अर्धा तास आले तरी चालेल.

हा प्रश्न मी कुठल्याही कामात सोडत नाही. ज्याचा शब्द अखेरचा असतो तो पहिल्या बैठकीला नसेल, तर तो थेट शेवटी उगवतो आणि सगळं काम पुन्हा पहिल्या पायरीवर येतं. तो मुद्दाम खोडा घालत नसतो. आधी काय ठरलंय हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं, आणि पैसे त्याचे असतात, मग तो मत देणारच.

बैठकीत मी लॅपटॉप उघडला नाही. जुना कॅटलॉग टेबलावर ठेवला आणि विचारलं, हा कुणाच्या हातात पडतो? डीलरच्या. कुठे वाचतो तो? इथे थोरले भागीदार पहिल्यांदा बोलले. वाचत नाही, म्हणाले, काउंटरवर उभ्या उभ्या पार्ट नंबर शोधतो. समोर गिऱ्हाईक खोळंबलेलं असतं, एका हातात मोडका भाग, दुसऱ्या हातात हे पुस्तक. मग त्यांनी स्वतःच ते उघडून दाखवलं. पानभर फोटो, आणि फोटोखाली करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत नंबर. नंबर सापडला नाही की डीलर फोन करतो, आणि त्यांच्या ऑफिसातला एक माणूस दिवसभर नंबर सांगत बसतो.

त्या क्षणी कामाचं स्वरूपच बदललं. मॉडर्न लुक हा शब्द नंतर कुणी काढलाही नाही. आता आमच्यापुढे एकच गोष्ट होती: उभ्या माणसाला, एका हातात पुस्तक धरून, पटकन नंबर सापडला पाहिजे. हे वाक्य मी तिथेच वहीत लिहिलं, दोघांना वाचून दाखवलं आणि कोटेशनच्या वरच्या ओळीत घातलं.

कोटेशन म्हणजे नुसता आकडा नव्हे, हे माझं ठाम मत आहे. किती पर्याय दाखवणार, करेक्शनच्या किती फेऱ्या धरल्या आहेत, मजकूर आणि फोटो कोण देणार, कधी देणार, हे सगळं त्यात हवं. काय धरलेलं नाही ते तर आवर्जून हवं: फोटोग्राफी, भाषांतर, विकत घ्यावे लागणारे फोटो, फॉन्टचं लायसन्स, छपाई. काम मध्येच थांबलं तर तोवरच्या कामाचं किती द्यायचं तेही मी लिहिते. वेळापत्रकात माझ्या तारखांशेजारी क्लायंटच्याही तारखा असतात. मजकूर आठवडाभर उशिरा आला तर पुढचं सगळं आठवडाभर सरकतं, हे आधीच कागदावर असलं की नंतर शब्दाला शब्द वाढत नाही. अर्धी रक्कम काम सुरू होण्याआधी, उरलेली अंतिम फायली देण्याआधी. सुरुवातीला ॲडव्हान्स मागताना मला अवघडल्यासारखं व्हायचं, आता होत नाही. ॲडव्हान्स देणारा क्लायंट स्वतःही कामाकडे जास्त लक्ष देतो, मजकूर वेळेवर पाठवतो, असाच माझा अनुभव आहे.

दर कसा ठरवता, हे नवीन मुलं-मुली नेहमी विचारतात. किती तास लागतील याचा हिशेब मी स्वतःपुरता करते, क्लायंटला मात्र तासांचा दर सांगत नाही. नायकीचं ते प्रसिद्ध चिन्ह १९७१ मध्ये कॅरोलिन डेव्हिडसन या विद्यार्थिनीने केलं, ताशी २ डॉलर दराने, आणि तिला ३५ डॉलर मिळाले. कंपनीने १९८३ मध्ये तिला शेअर आणि त्या चिन्हाची अंगठी दिली, ही त्यांची जाण. पण तासांच्या हिशेबात मुळातच एक खोट आहे: चिन्ह किती वेळात सुचलं याचा आणि ते पुढे किती वर्षं, किती ठिकाणी वापरलं जाणार याचा काही संबंध नसतो. म्हणून कोटेशनमध्ये वापराचाही उल्लेख हवा. लोगो फक्त दुकानाच्या पाटीवर जाणार की प्रत्येक पॅकेटवर, ही वेगवेगळी कामं आहेत. हक्क पूर्ण पैसे मिळाल्यावर क्लायंटकडे जातील, आणि संपादन करता येणाऱ्या मूळ फायली द्यायच्या की नाही, हेही त्यातच.

पर्याय किती दाखवायचे, यावर डिझाइनर मंडळींत कायम वाद असतो. पॉल रँड या नावाजलेल्या अमेरिकन डिझाइनरने १९८६ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांच्या नेक्स्ट या संगणक कंपनीसाठी एकच लोगो दाखवला आणि १ लाख डॉलर घेतले. त्यांच्यामागे काही दशकांचं काम होतं, एकच पर्याय दाखवणं त्यांना शोभलं. मी साधारणपणे दोन दाखवते. पाच दाखवले की क्लायंट पहिल्याचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवायला सांगतो. रँड यांच्याकडून मी घेतली ती दुसरी गोष्ट. त्या लोगोसोबत त्यांनी एक पुस्तिका दिली होती, आणि त्या आकारापर्यंत आपण कसे पोचलो ते तिच्यात पायरीपायरीने मांडलं होतं. क्लायंटला असं हाताला धरून सोबत नेलं की त्याला डिझाइनमागचा विचार दिसतो, आणि मग तो त्या विचारावर बोलतो.

म्हणून मी डिझाइन नुसतं व्हॉट्सॲपवर टाकून मोकळी होत नाही. फोनच्या पडद्यावर ए४ आकाराचं पान बोटांनी मोठं करून बघणारा माणूस त्याच्यावर काय मत देणार? शक्यतो समोर बसून, नाहीतर व्हिडिओ कॉलवर, आणि छापील वस्तू असेल तर खऱ्या आकारात प्रिंट काढून दाखवते. सुरुवात नेहमी पहिल्या बैठकीतल्या त्या वाक्यापासून. आणि "आवडलं का?" हा प्रश्न मी विचारत नाही. आवड प्रत्येकाची वेगळी, त्यावर चर्चा सुरू झाली की ती रंगाच्या मावळणाऱ्या आणि उगवणाऱ्या छटांपर्यंत जाते आणि ठरत काहीच नाही.

कॅटलॉगच्या वेळी मी दोन्ही पर्यायांची नमुना पानं छापून, कापून, पिन मारून नेली होती. थोरल्या भागीदारांना म्हटलं, उभे राहा, एका हातात धरा, आणि अमुक भागाचा नंबर शोधा. पहिल्या नमुन्यात फोटो डावीकडे आणि नंबर उजव्या रकान्यात होते. त्यांनी पान दूर धरलं, जवळ आणलं, चष्मा कपाळावर सरकवला, आणि बोट फोटोवरून नंबराकडे नेताना एक ओळ खाली घसरलं. चुकीचा नंबर वाचला. दुसऱ्या नमुन्यात नंबर फोटोच्या वरच, काळ्या ठळक अक्षरात होता आणि भागाचं नाव त्याखाली. बोट सरळ नंबरावरच गेलं. धाकट्यांना पहिला नमुना जास्त देखणा वाटत होता, तो होताही. पण वाद झाला नाही. त्यांनी स्वतःच दुसरा उचलला आणि म्हणाले, यात आता काय सुधारता येईल ते बघू.

करेक्शन कशी घ्यायची याचेही माझे काही नियम आहेत. सगळ्यांची मतं एकाच माणसाने गोळा करायची, त्यांच्यातले मतभेद त्यांनीच आपसात मिटवायचे, आणि पीडीएफवर क्रमांक टाकून एकच यादी पाठवायची. व्हॉइस मेसेज आले तर मी ऐकते, आणि त्यात काय समजलं ते त्याच दिवशी लिहून परत पाठवते. तोंडी बोलणं हवेत विरतं, लिहिलेलं राहतं. घरच्यांना आवडलं नाही असा निरोप आला, तर तो मी झटकून टाकत नाही. वाचताना नेमके कुठे अडखळले ते विचारते. बाहेरच्या डोळ्याला पुष्कळदा खरी अडचण दिसलेली असते.

लोगो मोठा करा, हे तर प्रत्येक डिझाइनरने ऐकलेलं असतं. एका क्लायंटने प्रदर्शनातल्या बॅनरसाठी हेच सांगितलं. मी विचारलं, तुम्ही कुठे उभे राहून बघताय? कळलं की त्यांना मांडवाच्या दुसऱ्या टोकावरून नाव वाचता येईल का, ही काळजी होती. नाव मोठंच होतं, पण फिक्या निळ्यावर पांढरं असल्यामुळे लांबून विरघळत होतं. मागचा रंग गडद केला, आजूबाजूचा मजकूर कमी केला, नावाला मोकळी जागा दिली. आकार तेवढाच ठेवला. वेबसाइटसाठी तर यावर ठरलेलं मापच आहे: साध्या मजकुराला अक्षर आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५ ला १, मोठ्या अक्षराला ३ ला १ एवढा कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक. आकडा दाखवला की चर्चा "मला असं वाटतं" च्या बाहेर येते. मॉडर्न हवं, उठावदार हवं, असं कुणी म्हटलं की मी त्यांना आवडलेली तीन आणि न आवडलेलं एक उदाहरण पाठवायला सांगते. न आवडलेल्यावरून जास्त कळतं.

माझं मत वेगळं असेल तर? किरकोळ गोष्ट असेल तर दोन्ही करून शेजारी शेजारी ठेवते, क्लायंट निवडतो, काम पुढे सरकतं. मोठी गोष्ट असेल तर माझं म्हणणं कारणासकट एकदा स्पष्ट सांगते, लिहूनही पाठवते, आणि मग त्यांचा निर्णय मानते. धंदा त्यांचा आहे, आणि त्यांच्या गिऱ्हाइकाला ते माझ्यापेक्षा जास्त ओळखतात. मी अडून बसते ती वाचताच येणार नाही असं काही करायला सांगितलं तर, किंवा दुसऱ्याचा लोगो थोडा फिरवून द्या म्हटलं तर. तसं काम मी करत नाही, आणि नाही म्हणायला वेळही लावत नाही. उत्तरासाठी ताटकळत ठेवलेल्या माणसाला जास्त राग येतो.

छपाईआधी क्लायंटला समजावून सांगण्याचा एक टप्पा असतो, आणि तो मला मनापासून आवडतो. वेबसाइटवरून उतरवलेला ६०० पिक्सेल रुंदीचा फोटो पडद्यावर छान दिसतो; छपाईच्या इंचाला ३०० पिक्सेल या हिशेबाने तो जेमतेम २ इंच रुंद होतो. हे पट्टीवर दाखवलं की फोटोग्राफरचा खर्च का लागतोय ते लगेच पटतं. पानाच्या कडेला ३ मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापण्याच्या रेषेबाहेर जास्तीचा छापलेला भाग, कशासाठी, तेही कापलेल्या पानांची चवड दाखवून सांगते. कटिंगमध्ये केसभर इकडेतिकडे होणारच, आणि ब्लीड नसेल तर कडेला पांढरी रेघ उरते.

पण सगळ्यात नाजूक मामला रंगाचा. या कंपनीचा रंग निळा. धाकट्या भागीदारांनी तो फोनवर पाहून पसंत केला होता. पडद्यावरचा रंग प्रकाशातून बनतो, लाल, हिरव्या आणि निळ्या. कागदावरचा चार शायांतून: सायन (आकाशी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळा, काळा. पडद्यावरचा झगझगीत निळा या चार शायांच्या आवाक्याबाहेर असतो, आणि त्याचं थेट रूपांतर केलं तर त्यात मॅजेंटा जास्त येऊन तो जांभळ्याकडे झुकतो. हे सांगून कुणाला पटत नाही, बघावं लागतं. म्हणून मी त्यांना छापखान्यात घेऊन गेले. ज्या कागदावर कॅटलॉग छापायचा त्याच कागदावर निळ्याचे तीन चौकोन छापून घेतले: थेट रूपांतराचा, मॅजेंटा थोडा उतरवलेला, आणि बराच उतरवलेला. मशिनवरच्या कारागिराने भिंग पुढे केलं. त्यातून बघितल्यावर तो सलग निळा रंग विरून गेला आणि निळसर-गुलाबी ठिपक्यांची जाळी दिसायला लागली. धाकटे बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते. तिसरा चौकोन त्यांनीच निवडला, आणि त्याचे आकडे आम्ही लिहून घेतले. पुढे त्यांनी डब्यांसाठी हाच रंग चार शायांतून न बनवता एकच वेगळी शाई म्हणून हवा असं ठरवलं, तेव्हा पँटोनच्या पुस्तकातला त्याच्या जवळचा क्रमांक काढला. रंगांना क्रमांक देण्याची ही पद्धत १९६३ पासून आहे, आणि गुळगुळीत कागदासाठी आणि खरबरीत कागदासाठी तिची पुस्तकं वेगळी असतात, कारण शाई कागदात जिरली की रंग बदलतो.

अंतिम प्रूफवर, म्हणजे छपाईआधी तपासायच्या नमुन्यावर, मी क्लायंटची सही घेते, प्रत्येक पानावर. एका जुन्या क्लायंटने तपासून सही केलेल्या पत्रकात फोन नंबरचा एक आकडा चुकला होता. त्यांनी पाठवलेल्या मजकुरातच तो तसा होता. सही असल्यामुळे दोष कुणाचा हा प्रश्नच आला नाही. नवी फाईल मी पैसे न घेता करून दिली, छपाईचा खर्च त्यांनी केला, आणि ते आजही माझ्याकडेच काम देतात. कॅटलॉगमधले नंबर तर आम्ही मोठ्याने वाचून तपासले. त्यांचा स्टोअरचा माणूस मूळ यादीतून वाचायचा, मी प्रूफवर बोट ठेवून बघायचे, आणि पान संपलं की अदलाबदल. कंटाळवाणं काम आहे, पण दुसरा कुठलाही मार्ग याच्याइतका भरवशाचा नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. बिल काम संपल्याच दिवशी जातं. मुदत संपायच्या आधी एक आठवण, संपल्यावर एक फोन, दोन्ही वेळा गोड शब्दांत आणि आकड्यासकट. मागचं थकलेलं असेल तर पुढचं काम सुरू होत नाही, हे कोटेशनमध्येच लिहिलेलं असतं, त्यामुळे सांगताना आवाज चढवावा लागत नाही. फुकट नमुना करून दाखवा, आवडला तर काम देऊ, असं कुणी म्हटलं तर मी आधीची कामं दाखवते. कुणाची अडचण समजून न घेता केलेला नमुना त्यांच्याही काही उपयोगाचा नसतो.

काम पूर्ण झालं की फायली अशा द्यायच्या की क्लायंटला माझ्याशिवायही चालवता यावं. लोगो असेल तर पीडीएफ आणि एसव्हीजी, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी, एकरंगी रूप, रंगांचे छपाईचे आणि पडद्याचे आकडे, आणि काय करायचं, काय नाही हे सांगणारं एक पान. फॉन्टचं लायसन्स क्लायंटच्या नावावर. वेबसाइटवर तोच फॉन्ट वापरायचा असेल तर पुष्कळ वेळा त्याचं लायसन्स वेगळं घ्यावं लागतं, हे आधीच सांगून ठेवते. फाईलच्या नावात फायनल हा शब्द मी घालत नाही, तारीख घालते.

आणि काही महिन्यांनी एक फोन करते, काम मागायला नव्हे. कॅटलॉगनंतर असाच केला, तेव्हा थोरले भागीदार म्हणाले की नंबरासाठी येणारे फोन बरेच कमी झालेत, पण डीलर आता वेगळंच विचारतात: जुन्या भागाच्या जागी नवा कोणता बसतो? जुना नंबर कॅटलॉगमध्ये नाही, आणि गिऱ्हाईक तर तोच सांगतं. सध्या त्याचीच पुढची आवृत्ती चालू आहे. मागे जुन्या-नव्या नंबरांची जोडसूची घालायची असं ठरलंय. नव्या भागांचे नंबर मात्र आधीपेक्षा लांब आहेत, त्यामुळे ठळक अक्षरात ते फोटोच्या रुंदीत मावत नाहीत. अक्षर बारीक करायचं की पानावर एक फोटो कमी घ्यायचा, याचे नमुने छापून झालेत, आणि या वेळी ते थेट दोन डीलरांच्या काउंटरवर नेऊन बघायचं आहे.